ठेवणीतली वेळ

आमच्या एका स्नेह्यांकडे एकशे बारा घड्याळं आहेत आणि ते सगळीकडे उशिरा पोचतात. विचारलं तर म्हणतात, घड्याळं वेळ बघण्यासाठी नसतात. मग कशासाठी असतात, हे विचारू नये, कारण त्याचं उत्तर पावणेदोन तास चालतं. मी एकदा विचारलं होतं. पावणेदोन तास हा आपला अंदाज. त्यांच्या घरात एकही घड्याळ चालू नव्हतं.

या स्नेह्यांना आपण पेटीकर म्हणू. खरं आडनाव छापलं तर चोरांना पत्ता मिळेल, अशी त्यांना धास्ती आहे. त्यांच्या बेडरूममध्ये लोखंडी कपाट आहे. कपाटाच्या आत लॉकर, लॉकरमध्ये पेट्या, पेटीत मखमल, मखमलीवर घड्याळ आणि घड्याळावर कारखान्यात लावलेली पातळ प्लॅस्टिकची पापडी. पूर्वी त्या लॉकरमध्ये वहिनींचे दागिने असत. ते आता गव्हाच्या डब्यात असतात. घड्याळ दाखवायचं म्हणजे पेटीकर आधी हात धुतात, पुसतात आणि मग लग्नातले बँडवाले घालतात तसले पांढरे सुती हातमोजे चढवतात. प्रत्येक पेटीत दमट हवा शोषणारी पुडी असते. त्या पुड्या बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या आहेत. नातेवाइकांत कोणीही नवीन बूट घेतले की पेटीकर अभिनंदनाला हजर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. मी सहज म्हणालो, “छान आहे हो. घालून बघू का?” पेटीकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरायची परवानगी मागितली होती.

गंमत अशी, की ही घड्याळं कोणा राजेमहाराजांची नाहीत. पेटीकर एचएमटी जमवतात. तीच एचएमटी, जी आपल्या वडिलांच्या, मास्तरांच्या आणि एसटी कंडक्टरच्या मनगटावर होती. सरकारने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला कारखाना काढला, तो लोकांनी कामावर वेळेत जावं म्हणून. जनता, पायलट, जवान, तरुण, कोहिनूर, कांचन, सोना, रजत अशी नावं. घड्याळांची नावं वाचतोय की शाळेतली हजेरी, कळू नये. लग्नसराईत कांचनसाठी वशिला लागे, जावई रुसू नये म्हणून सासरे वरचे पैसे मोजत. पुढे बॅटरीवरची घड्याळं आली, रोज चावी देण्याचा कंटाळा आला आणि एचएमटी ड्रॉवरमध्ये सुतळी आणि संपलेल्या पेनांच्या शेजारी जाऊन पडली. २०१४ साली कंपनी गुंडाळणार अशी बातमी आली, जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं आणि अख्ख्या देशाला एकदम उमाळा आला. इराणी हॉटेल बंद होणार म्हटल्यावर दहा वर्षांत तिथे न फिरकलेले लोक शेवटचा बनमस्का खायला रांग लावतात, तसं झालं. पेटीकर त्या रांगेत पुढे होते. त्यांच्याकडे ‘जनता’ नऊ आहेत. तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं आणि सगळी कुलूपबंद. जनतेला कोंडून ठेवण्याचा या देशातला हा पहिलाच प्रयोग नव्हे. पण याआधी मखमल नव्हती.

आता दुसरे गृहस्थ. हे मनगटकर. वीज मंडळातून निवृत्त. यांच्याकडे घड्याळं चौदा आणि चौदाही वापरात. सकाळी फिरायला जाताना एक, दळण आणायला दुसरं, रात्री झोपताना तिसरं. “झोपेत कशाला लागतं घड्याळ?” मी विचारलं. “किती वेळ झोप येत नाहीये ते बघायला,” ते म्हणाले. त्यांचं एकही घड्याळ धड नाही. एकाच्या काचेला तडा, एकाच्या पट्ट्याला दाभणाने घरीच पाडलेली तीन भोकं, आणि एकाच्या कडेवर जिन्याच्या कठड्याने काढलेली अशी रेघ की ती पाहून पेटीकर एकदा खुर्चीत बसले आणि पाणी मागू लागले.

मनगटकरांचं तत्त्वज्ञान ते एका जुन्या कोड्यात सांगतात. भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. “त्यात चौथं घाला, घड्याळ का बंद पडलं?” असं म्हणून ते मनगट हलवतात आणि आतलं काहीतरी सुटून खुळखुळल्याचा आवाज येतो.

त्यांचा एक पराक्रम सांगायलाच हवा. त्यांच्या एका घड्याळाच्या पाठीवर लिहिलं होतं, पाणी सहन करतं, ३० मीटर. मनगटकर मे महिन्यात गावी गेले होते, सातारा जिल्ह्यात. वाड्याची विहीर काठापासून तळापर्यंत पन्नास फूट. पन्नास फूट म्हणजे पंधरा मीटर. म्हणजे कंपनीने अजून एक विहीर शिल्लक ठेवली आहे, असा हिशेब करून त्यांनी मारला सूर. वर आले तेव्हा काचेखाली एखादा बेडूक सहकुटुंब राहील एवढं पाणी होतं. या ‘३० मीटर’ची मेख अशी, की तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. प्रत्यक्ष व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की नळाखाली हात धुताना चार थेंब उडाले तर किंचाळू नका. पोहायचं तर १०० मीटरवालं घ्यावं. हे कंपनी पाठीवर लिहीत नाही, कारण पाठीवर जागा नसते. मनगटकरांनी ते घड्याळ तांदळात पुरून ठेवलं. चौथ्या दिवशी वहिनींनी त्याच तांदळाची खिचडी लावली. घड्याळ आधी काढलं होतं, असं त्या आजही शपथेवर सांगतात.

घड्याळ मनगटावर आलं की त्याला काय काय भोगावं लागतं, हा प्रश्न मनगटकरांच्या विहिरीपेक्षा जुना आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातले गोरे लष्करी अधिकारी पोलो खेळत आणि काठीचा फटका बसून त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यांच्या तक्रारीवरून स्वित्झर्लंडच्या जेजर-लकूल्त्र कंपनीने १९३१ साली ‘रिव्हर्सो’ नावाचं घड्याळ काढलं. खेळायला उतरताना त्याची डबी उलटी फिरवायची, म्हणजे काच आत आणि पोलादी पाठ बाहेर. आपल्याकडे नव्या सुना सासऱ्यांसमोर करत तसं. हा किस्सा मी दोघांनाही सांगितला. मनगटकर म्हणाले, “बघा, घालण्यासाठी माणसाने किती डोकं चालवलं!” पेटीकर म्हणाले, “बघा, जपण्यासाठी किती डोकं चालवलं!” आणि दोघंही माझ्यावर खूश झाले. असं यश मला संसारात कधी लाभलेलं नाही.

मी स्वतः कोणत्या बाजूचा, हे सांगायचं मी टाळत होतो. माझी वाढ ‘ठेवणीतलं’ या शब्दावर झाली. आमच्या घरात प्रत्येक वस्तूच्या दोन जाती होत्या, रोजची आणि ठेवणीतली. ठेवणीतले कप होते, त्यांतून पाहुणे चहा पीत. पण सगळे पाहुणे नव्हेत. कोणता पाहुणा कोणत्या कपाचा, हे आई दार उघडतानाच ठरवी. ठेवणीतली चादर होती, ती डॉक्टर घरी येणार असले की आजाऱ्याला उठवून त्याच्याखाली घालत. ठेवणीतली सतरंजी होती, ती पसरली की आम्हा मुलांना तिच्यावर बसू देत नसत. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक रिमोट मेल्यावर निघालं. तेव्हा पेटीकरांच्या घड्याळावरची पापडी पाहून मला हसू आलं नाही. घरी आल्यासारखं वाटलं.

आजीची पैठणी या जातीची महाराणी. ती ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली असे. आजीच्या हयातीत ती चार वेळा बाहेर आली. पाचव्या वेळी, माझ्या बहिणीच्या लग्नात, आईने मोठ्या हौसेने ती उलगडली आणि पैठणी घडीवरच फाटली. जिथे जिथे घडी, तिथे तिथे चीर. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की रेशीम आणि जर दोन्ही मोडतात, घड्या अधूनमधून बदलाव्या लागतात, हे नंतर कळलं. कोणी नेसली नाही म्हणून फाटली, असा प्रकार. आईने तिचे दोन बटवे आणि देवघराचा पडदा केला. बटवे ठेवणीतले आहेत.

पेटीकरांना हा पैठणीचा दाखला मी दिला. ते म्हणाले, घड्याळ धातूचं असतं, त्याला घडी नसते. ‘घडी’ या शब्दावर त्यांनी केलेली ही कोटी आहे असं मला क्षणभर वाटलं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. म्हणून मी त्यांना माझ्या ओळखीच्या घड्याळजींकडे घेऊन गेलो.

हे घड्याळजी पेठेतल्या एका जिन्याखाली बसतात. दुकान एवढं लहान, की गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना बाहेर यावं लागतं. एका डोळ्यावर भिंग, दुसरा डोळा रस्त्यावर. बोलणं मोजकं, तेही चिमट्यात धरून ठेवल्यासारखं. पेटीकरांनी हातमोजे घालून ‘कोरं’ कोहिनूर त्यांच्यापुढे ठेवलं. चाळीस वर्षांत एकदाही न वापरलेलं. घड्याळजींनी चावी दिली. काटा दोन पावलं चालला आणि आजोबांसारखा मध्येच उभा राहिला.

“तेल सुकलंय,” घड्याळजी म्हणाले.

“पण हे चाललेलंच नाही हो कधी!”

“म्हणूनच म्हणतो ना. तेल काय तुमच्यासाठी थांबतंय?”

मग त्यांनी पाठ उघडून दाखवली. ‘१७ ज्युवेल्स’ म्हणून तबकडीवर मिरवतात ती रत्नं म्हणजे कृत्रिम माणकाचे बारीक ठिपके. चाकांचे आस त्यांत फिरतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी सुईच्या टोकाने लावलेलं थेंबाहून लहान तेल असतं. घड्याळ चालो वा न चालो, काही वर्षांत ते घट्ट होतं. चालणारं घड्याळ मंद होऊन कुरकुर तरी करतं. पेटीतलं गपचूप गोठतं आणि मालकाला वाटतं, बाळ किती शांत झोपलंय. बॅटरीवाल्यांची तर याहून वाईट दशा. बॅटरी पाझरते आणि आतली कोरी करकरीत यंत्रणा खाऊन टाकते. वरून पापडी मात्र जशीच्या तशी. “वापरा नाहीतर वापरू नका,” घड्याळजी म्हणाले, “चार-पाच वर्षांनी माझ्याकडे यायचंच आहे.” या व्यवसायात दोन्ही पंथांचं कल्याण व्हावं असं मनापासून वाटणारा हा एकच माणूस मला भेटला.

पेटीकर त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. पण मनगटकरांना ही बातमी लागली आणि त्यांनी विजयोत्सव सुरू केल्यावर पेटीकरांनी हिशेब काढला. साध्या चावीच्या घड्याळातलं बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला १८,०००. वर्षाला पंधरा कोटींच्या वर. “पंधरा कोटी ठोके,” पेटीकर म्हणाले, “आणि वर तुमचा घाम.” घामाचा मुद्दा बिनतोड होता. एचएमटीची सोनेरी घड्याळं म्हणजे पितळेवर सोन्याचा पातळ मुलामा. पट्टा अडकवतात त्या कोपऱ्यांवरून तो आधी जातो. पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार आपण माणसांबद्दल वापरतो. मनगटकरांच्या डाव्या हातावर तो रोज वापरात आहे.

या वादात एकदा फ्रान्सची राणीही आली. तिला आणलं पेटीकरांनी आणि पस्तावले. मेरी आंत्वानेतसाठी म्हणून १७८३ साली पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडे मागणी नोंदवली गेली. त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्या खिशातल्या घड्याळात हवी, पैशाची आणि वेळेची मर्यादा नाही. वेळेची मर्यादा नाही हे घड्याळजीला सांगू नये, शिंप्याला तर नाहीच. घड्याळ पुरं झालं १८२७ साली. तोवर राणीचा शिरच्छेद होऊन चौतीस वर्षं झाली होती आणि खुद्द ब्रेगेला जाऊन चार. “म्हणजे तिने ते एकदासुद्धा घातलं नाही!” पेटीकर भक्तिभावाने म्हणाले. “जगातलं सर्वांत थोर घड्याळ, आणि मालकिणीचा हातही लागलेला नाही.”

गोष्ट इथे संपत नाही. ते घड्याळ पुढे जेरुसलेमच्या एका संग्रहालयात गेलं आणि तिथून १९८३ साली चोरीला गेलं. त्याच्यासोबत शंभराच्या आसपास आणखी घड्याळं. जवळजवळ पंचवीस वर्षं जगभरचे पोलीस शोधत राहिले. शेवटी चोर वारला, त्याने मरताना बायकोजवळ कबुली दिली होती, आणि खोकी परत आली. राणीचं घड्याळ त्यांत होतं. विकणं जमलं नाही. मग त्याने यातली कितीतरी घड्याळं नुसती गुंडाळून ठेवून दिली होती. एवढी मोठी घड्याळचोरी केली आणि घातलं एकही नाही. “अरे, चोरसुद्धा तुमच्याच पंथाचा निघाला!” मनगटकर ओरडले. पेटीकरांना त्याचं वाईट वाटलं की अभिमान, हे मला नीट ओळखता आलं नाही.

मनगटकरांनी मग चंद्रावर झेप घेतली. जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग पहिलं पाऊल टाकायला खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. यानातला वेळमापक बिघडला होता म्हणून तो आपलं ओमेगा स्पीडमास्टर आतच ठेवून आला. मागून एडविन ऑल्ड्रिन उतरला, तो मात्र आपलं घालून. म्हणजे चंद्रावर पहिलं पाऊल पेटीवाल्याचं, पण पहिलं घड्याळ मनगटवाल्याचं. “आणि पुढे काय झालं?” मनगटकर विचारतात, हा प्रश्न ते चहाचा कप खाली ठेवून विचारतात. पुढे ते घड्याळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवलं आणि वाटेत हरवलं. चंद्रावरची थंडी, ऊन, धूळ सगळं सोसून आलेलं घड्याळ, जपून ठेवायला पाठवलं आणि गेलं. यावर पेटीकर म्हणतात, दोष टपालाचा आहे.

पण खरं रण माजलं ते पॉल न्यूमनवरून. या अमेरिकन नटाला मोटारींच्या शर्यतींचा नाद. बायको जोअॅन वुडवर्ड हिने त्याला रोलेक्सचं डेटोना घेऊन दिलं आणि पाठीवर कोरून घेतलं, की गाडी जपून चालव. जगात सगळीकडे बायका एकच वाक्य बोलतात, तिने ते फक्त पोलादावर लिहून घेतलं. न्यूमनने ते रोज वापरलं. १९८४च्या सुमारास त्याच्या मुलीचा मित्र घराच्या आवारात काम करत होता. न्यूमनने त्याला वेळ विचारली, तर त्याच्याकडे घड्याळच नव्हतं. न्यूमनने आपलं काढून त्याला दिलं. रोज चावी दिलीस तर वेळ बरी दाखवतं, एवढीच सूचना. ते घड्याळ ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १,७७,५२,५०० डॉलरना गेलं. “रोज वापरलेलं!” मनगटकर टेबलावर हात आपटून म्हणाले. हातात घड्याळ होतंच, त्याची काच गेली.

पेटीकर शांत होते. “मनगटकर,” ते म्हणाले, “वापरून मोल वाढायला आधी मनगट पॉल न्यूमनचं लागतं. तुम्ही वीज मंडळात होता.”

त्यानंतर दोघं तीन आठवडे बोलत नव्हते.

या छंदात आणखी एक चमत्कार आहे. वस्तू थोडी खराब झाली तर खराब, पण नेमकी खराब झाली तर दुर्मीळ. पन्नास-साठच्या दशकांतल्या काही घड्याळांच्या काळ्या तबकड्या उन्हाने विटून चॉकलेटी झाल्या. रंगाचा दोषच तो. आता शौकीन लोक त्या विटक्या तबकडीला नव्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे लोणचं मुरतं, गाणारा पिकतो, तसं तबकडीचं. पण ते आपोआप व्हायला हवं. कोणी हौसेने पॉलिश करून घड्याळ चकचकीत केलं, तर कडा गोल होतात आणि किंमत पडते. म्हणजे नवं नवंच राहावं किंवा जुनं प्रामाणिकपणे जुनं व्हावं. मध्येच कलप लावू नये. हा नियम माणसांना लावला तर पुण्यातली निम्मी केशकर्तनालयं बंद पडतील.

आणि कलपाच्या बाबतीत तर मराठी मुलखाने जगात नाव काढलंय. जुन्या, उडालेल्या तबकड्या खरवडून, नव्याने रंगवून, कंपनीचं नाव पुन्हा छापून विकलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नाक मुरडूनच म्हणतात, पण म्हणतात. पोपटी जनता, नारंगी पायलट, जांभळी फाव्र-ल्यूबा. मूळ कारखान्याने जे रंग कधी स्वप्नातही पाहिले नाहीत ते इकडे छोट्या कारागिरांच्या ब्रशातून उतरतात. मला स्वतःला ती पोपटी जनता आवडते. लग्नातल्या फेट्याच्या गठ्ठ्यातून उचलल्यासारखी दिसते. पण शौकिनांपुढे असं बोलायचं नसतं. शास्त्रीय बैठकीत लावणीची फर्माईश केल्यासारखं होतं.

पेटीकरांची जखम इथली आहे. त्यांनी एकदा एक पायलट घेतलं. काळीभोर तबकडी, एक ओरखडा नाही, विकणाऱ्याने सांगितलं, ‘एकदाही हातात घातलेलं नाही.’ पेटीकरांनी हवे तेवढे पैसे दिले, वेगळी पेटी केली, सहा महिने कोणाला दाखवलं नाही. मग एका रविवारी राहवलं नाही म्हणून मनगटकरांना दाखवलं. मनगटकरांनी चष्मा कपाळावर घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “एकदाही घातलेलं नाही हे खरं आहे. रंगवल्यापासून.” आकड्यांतला एक ‘६’ बाकीच्यांपेक्षा जरा लठ्ठ होता. पेटीकरांनी ते घड्याळ आता वापरायला काढलंय. त्यांच्या आयुष्यातलं मनगटावरचं हे एकमेव घड्याळ, तेही शिक्षा म्हणून. पण वेळ अचूक दाखवतं आणि परवा ते माझ्याकडे चक्क सांगितल्या वेळी आले. आल्याआल्या त्यांनी बाही खाली ओढली.

आता माझं. माझ्याकडे एकच घड्याळ आहे आणि ते या सगळ्या गडबडीत मला आठवलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एचएमटी सोना. पातळ, सोनेरी, चावीचं. ते मी लग्नात दोन तास घातलं आणि त्या संध्याकाळी आईने काढून घेतलं. “रोज कशाला? चांगल्या प्रसंगाला घाल,” ती म्हणाली. त्यानंतर बारशी, मुंजी, वास्तुशांती, निवृत्तीचा समारंभ असे पुष्कळ प्रसंग आले, पण यापेक्षा चांगला प्रसंग येईल असं मला दर वेळी वाटत गेलं. गेल्या महिन्यात बायकोच्या भाचीचं लग्न निघालं. बायको म्हणाली, “अहो, घाला आता. तुमच्या तेराव्याला कोण घालणार आहे?”

मी घड्याळजींकडे गेलो. त्यांनी साफ केलं, तेल घातलं, बाराशे रुपये घेतले. घड्याळ टिकटिकत घरी आलं. रात्रभर उशाशी ठेवलं, सकाळपर्यंत चावी संपून ते थांबलं. मी काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणून ठेवले, जाहिरातीत असतात तसे, हसऱ्या चेहऱ्यासारखे दिसतात म्हणून. चावी मात्र दिली नाही. नुकतं बाराशेचं तेल घातलंय, लगेच झिजवायचं कशाला?

लग्नाला निघालो तेव्हा डावा हात मी छातीशी धरला होता. रिक्षाच्या दांड्याला लागू नये, कोणाची बांगडी घासू नये, अत्तराचा फाया टेकू नये. कार्यालयाच्या दारात तिघांनी विचारलं, “हाताला काय झालं?” चौथ्याने प्लॅस्टर कधी काढलं ते विचारलं. आत बँड आणि माईक यांची जुंपली होती, म्हणून अक्षता मुठीत घेऊन मी बाहेरच्या व्हरांड्यात एका खुर्चीवर बसलो. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याही मुठीत अक्षता.

“मुहूर्त किती वाजताचा हो?” त्यांनी विचारलं.

“बारा चौतीस.”

“आणि आत्ता किती झालेत?”

मी सवयीने मनगट वळवलं. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बंद आहे वाटतं.”

“बंद नाही,” मी म्हणालो. “ठेवणीतलं आहे.”

त्यांनी समजुतीने मान हलवली. मग सावकाश बाही मागे सारली. पट्ट्याला दोरा बांधलेला, मुलामा पार गेलेला, आणि काचेवर इतके ओरखडे की मोतीबिंदू पिकल्यासारखी ती पांढरी झालेली. आत कुठेतरी टिकटिक चालली होती. “जनता आहे,” ते म्हणाले. “नोकरी लागली तेव्हा घेतलं. एक दिवस काढलं नाही हातातून. मिनिटाचा फरक नाही.”

“मग किती वाजलेत?”

“ते दिसत नाही.”

आम्ही दोघं आपापल्या घड्याळाकडे पाहत बसलो. सरबताचे रिकामे पेले गोळा करणारा एक पोरगा जवळ आला. म्हाताऱ्यांनी त्याला हटकलं, “बाळा, लग्न किती वेळात लागेल?”

“लग्न लागलं की आजोबा मघाशीच,” तो म्हणाला. “दुसरी पंगत बसतीय वर. चला, नाहीतर जिलबी संपेल.”

आम्ही मुठीतल्या अक्षता खिशात टाकल्या आणि जिन्याकडे निघालो. गर्दी बरीच होती. दोन पायऱ्या चढल्यावर म्हाताऱ्यांनी मागे वळून माझ्या हाताकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी कठड्याच्या बाजूची जागा सोडून ते स्वतः भिंतीला घासत चढू लागले.